तान्हेला पाडा

जुनी शिळाछाप पोथी ज्याने हातात धरली असेल त्याला माझं म्हणणं लगेच पटेल. तीत दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नव्हती. ओळीच्या डाव्या टोकाला सुरू झालेली अक्षरं उजव्या टोकापर्यंत एका दमात धावत जात, आणि शब्द कुठे संपला नि पुढचा कुठे लागला हे वाचणाराने आपल्या अकलेने ठरवायचं. आजकालच्या पदवीधरांना एखादा स्वल्पविराम चुकला तरी अडखळायला होतं. त्यांच्यापुढे अशी एक पोथी ठेवावी आणि गंमत पाहावी असं मला फार वेळा वाटतं. पण मी तसं करत नाही. अशाच एका ओळीतल्या एका शब्दाने माझी अक्कल काढली होती, आणि ती हकीगत मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

तेव्हा जव्हारला संस्थान होतं आणि मी तिथल्या एका लहानशा कचेरीत कारकून होतो. वय बावीस-तेवीस. नाशिकला शिकून आलो होतो, त्यामुळे शुद्ध मराठी म्हणजे काय हे गावात मला एकट्यालाच कळतं अशी माझी पक्की समजूत होती. थंडीच्या दिवसांत सकाळी दरीतलं धुकं वर चढून कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत येई. आत शिरलं की शाईचा, लाल रुमालांत बांधलेल्या जुन्या दप्तरांचा आणि शिपायाच्या घोंगडीचा मिळून एक वास यायचा. तो वास आज कुठे भेटला तर मी काम टाकून तिथेच उभा राहीन. बोरूने मोडीत लिहायचं, ओल्या शाईवर चिमूटभर वाळू टाकायची, कागद झटकायचा. घाई कशाचीच नव्हती. इतकं निवांत आयुष्य मला पुन्हा लाभलं नाही हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

माझ्याकडे काम होतं ते आलेल्या अर्जांचा सारांश काढण्याचं. लोक चार-चार पानं लिहून आणत. मी त्यातून एक ओळ काढून वरिष्ठांपुढे ठेवत असे. वरिष्ठ सज्जन होते, पण त्यांचे डोळे अधू झाले होते. ते मूळ अर्ज क्वचित वाचत. माझी ओळ वाचत आणि तिच्यावरून निकाल देत. या गोष्टीचा मला अभिमान होता. त्यात धोका आहे हे मला तेव्हा सुचलं नाही.

मार्गशीर्षात एक अर्ज आला. जामसरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक पाडा होता, तिथला. अर्ज पाहताच मला हसू फुटलं. आम्ही सारे मोडी लिहिणारे, आणि हा माणूस बाळबोधीत, म्हणजे पोथीच्या देवनागरीत लिहितो. तेही हाताने लिहिल्यासारखं नव्हतं. छापल्यासारखं एकेक अक्षर सुटं कोरून काढलेलं, आणि शब्दांच्या मध्ये कुठेही जागा नाही. वर श्रीगणेशाय नमः आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पोथीतल्यासारख्या दोन उभ्या रेघा. मजकूर चारच ओळींचा. शब्द तोडून वाचले तेव्हा अर्थ लागला तो असा: आमुचा पाडा तान्हेला असे, मायबाप सरकारें कृपा करावी, विहीर द्यावी.

तान्हेला. तान्हं म्हणजे अंगावर पिणारं मूल, हे कुणालाही ठाऊक. पाडा तान्हेला म्हणजे नुकताच जन्मलेला, नवा वसलेला पाडा. पुढे मायबाप आहेच, तेव्हा मला शंकेला जागाच राहिली नाही. मी तो अर्ज कचेरीत मोठ्याने वाचून दाखवला आणि आठवडाभर आमची करमणूक झाली. कुणी म्हणे पाड्याला बाळगुटी पाठवा, कुणी म्हणे आधी बारसं करा. पाळणा पाठवण्याची सूचना माझी होती, आणि तिला सगळ्यांत जास्त हशा मिळाला.

आता आमच्याकडे रिवाज असा होता, की पाडा काही पावसाळे एका जागी टिकल्याशिवाय तिथे विहीर द्यायची नाही. डोंगरातल्या वस्त्या कधीकधी जागा बदलत, आणि मागे ओसाड विहीर राही. रिवाजात गैर काही नव्हतं. मी सारांश लिहिला, 'नवीन वस्ती, विहीर मागते.' वरिष्ठांनी नामंजूर केला. त्याचं उत्तर मीच मोडीत लिहून जामसरला पाठवलं आणि अर्ज रुमालात बांधून टाकला.

त्याच वर्षी माझं लग्न झालं होतं. बायकोचं माहेर मोखाड्याचं. ती लिहायला-वाचायला आमच्या घरी आल्यावर शिकली, आणि शिकली ती आईने पाठवणीच्या वेळी दिलेल्या एका पोथीवर. पोथी तिच्या आईच्या आधीपासूनची. पहिली पानं नव्हती, मधलीही काही गेलेली. मी कचेरीतून आलो की दिवेलागणीच्या आधी ती पडवीत बसून बोट फिरवत वाचायची, आणि अडली की मला विचारायची. मी ऐटीत सांगायचो. त्या संध्याकाळी आठवल्या की अजून बरं वाटतं. तिचं ते अडखळत वाचणं, मध्येच स्वतःवर हसणं, आणि मी उगाच शिक्षकाचा आव आणून बसलेला. ती गेल्याला आता कितीतरी वर्षं झाली. घरात कुणी हळू आवाजात वाचू लागलं तर माझी मान आपोआप तिकडे वळते.

माघात एके संध्याकाळी ती एका ओळीशी थांबली. रानातल्या हरणाची गोष्ट होती. उन्हात दूर पाणी दिसतं म्हणून ते धावतं, आणि पाणी काही हाती लागत नाही. त्या हरणाला पोथीत तान्हेलें म्हटलं होतं. तिने विचारलं, हे तान्हेलें म्हणजे काय. मी पेपर वाचत होतो. मान वर न करता सांगितलं, तान्हं, दूधपितं पाडस.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "अहो, पण मग ते पाण्याकडे का धावतंय? तान्हं असेल तर आईकडे धावेल."

मी पेपर खाली ठेवला. ती पुढे सांगत होती, की सूर्यमाळकडचे लोक उन्हाळ्यात मोळ्या घेऊन मोखाड्याला उतरत, आणि दारात येऊन म्हणत, तान लागली, पाणी द्या. तेच तर नसेल हे. मी तिच्यावर खेकसलो. मोळीविक्यांचं बोलणं पोथीत कसं येईल, म्हणालो. तिने पान उलटलं आणि पुढे वाचू लागली. माझा पेपर मात्र त्या संध्याकाळी पुढे वाचून झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतला जाडजूड कोश काढला. तिथे शब्द होता. तान्ह म्हणजे तहान. तान्हेला म्हणजे तहानलेला. शेजारी लिहिलं होतं, जुना शब्द, काव्यात येतो. मी ते तीनदा वाचलं. आमचा पाडा तहानलेला आहे, सरकारने कृपा करावी, विहीर द्यावी. याहून सरळ अर्ज माझ्या टेबलावर त्या वर्षी एकही आला नव्हता, आणि मी त्याला पाळणा पाठवायला निघालो होतो.

माघ संपत आला होता. फाल्गुनानंतर डोंगरात पाणी राहत नाही हे मला माहीत होतं. तरी मी तीन दिवस काढले. काढले म्हणजे काय, उगाच बोरू तासत बसलो. चौथ्या दिवशी वरिष्ठांकडे गेलो आणि सांगितलं, की तो पाडा नवा नाही, अर्ज समजण्यात चूक झाली. कुणाची चूक, त्यांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर ते फार तर चार शब्द बोलले असते. पण मी नाशिकला शिकलेला. मी म्हणालो, अर्जदाराची भाषा अशुद्ध होती. वरिष्ठ म्हणाले, निकाल झालेला अर्ज उघडता येत नाही, नीट भाषेत नवा लिहून आणवा, मी लगेच मंजूर करतो. आणि भाषा तुम्हाला येते, तर तुम्हीच जा.

जामसरपर्यंत बैलगाडी, पुढे पायी. उतारावरच्या वरकस, हलक्या जमिनीतलं नाचणीचं पीक कधीच निघालं होतं, माळ पिवळा पडला होता. पाडा नवा नाही हे दुरूनच कळत होतं. आंब्याचं एक झाड दोन माणसांच्या कवेत न मावणारं. वाटेत उतारावर चार-पाच बायका एका खळग्याभोवती बसल्या होत्या. त्यांतली एक करवंटीने पाणी भरत होती. करवंटी भरायची, हंड्यात ओतायची, आणि पुन्हा तळाशी पाणी जमेपर्यंत थांबायचं. बाकीच्या आपापली पाळी येण्याची वाट पाहत होत्या. मी वर पोचलो तेव्हा मला कुणीतरी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि मी ते उभ्या उभ्या संपवलं. पिऊन झाल्यावर तो खळगा मला आठवला.

अर्ज लिहिणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. आम्ही कचेरीतली माणसं तेव्हा पाड्यावरच्या माणसाला सर्रास अरे-तुरे करत असू आणि मीही केलं. आज लिहिताना हात धजत नाही, म्हणून त्यांना बाबा म्हणतो. बाबांकडे एक पोथी होती. फार पूर्वी त्र्यंबकहून आलेला एक बैरागी पावसाळाभर पाड्यावर राहिला होता. त्याने त्यांना या एकाच पोथीवर अक्षरं शिकवली आणि जाताना पोथी त्यांनाच दिली. घरात ते वेगळंच बोलत, आमची मराठी त्यांना परकी. लिहिलेली मराठी म्हणून त्यांनी जन्मात जर काही पाहिलं असेल तर ते हे एक बुक. श्रावणात सगळा पाडा जमवून ते ती वाचत आणि अर्थ आपल्या बोलीत सांगत. अर्ज करायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या पोथीतले सगळ्यांत चांगले शब्द निवडून सरकारला लिहिलं होतं.

माझं उत्तर मोडीत होतं, ते पाड्यावर कुणालाच वाचता आलं नाही. जामसरच्या पाटलाने वाचून सांगितलं, नव्या पाड्याला विहीर मिळत नाही. लोक चक्रावले. पाडा नवा कसा? मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की बाबांनीच काहीतरी भलतंच लिहिलं असणार. हे मला त्यांच्या घरासमोर बसल्यावर कळलं. पंधरा-वीस माणसं जमली होती, आणि बाबा त्यांच्यात नव्हते. ते दाराशी वेगळे उभे होते. मी आल्याचं कारण सांगितलं तेव्हा ते पुढे आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, माझा काय चुकला? बुकात हाय तसाच लिवला मी."

एवढी सोपी संधी माणसाला आयुष्यात फारशी मिळत नाही. बाबा, तुमचं बरोबर होतं, मीच चुकलो, इतकंच म्हणायचं होतं. माझ्या अंगावर स्वच्छ डगला होता, डोक्याला पागोटं होतं, आणि समोरचे सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, शब्द जुना झाला, कचेरीत आता चालत नाही. त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात काय होतं ते मी पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

मग मी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं. आमच्या पाड्यात पिण्यास पाणी नाही, तरी विहीर मिळावी. शब्दांमध्ये जागा सोडा, असंही मीच बजावलं. ते एकेक अक्षर काढत, मग बोटभर जागा सोडत, आणि माझ्याकडे पाहून पुढचं लिहीत. अर्ज मंजूर झाला. चैत्रात खोदायला लागले, उंबराजवळची जागा पाड्यातल्या लोकांनीच दाखवली, आणि वैशाख संपायच्या आत पाणी लागलं. वरिष्ठांनी मला शाबासकी दिली. मीही ती घेतली.

घरी बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. तिने खोदून विचारलं नाही. मी बाबांना चूक कबूल करून आलो असं तिने धरूनच चाललं होतं, आणि मी तो समज दूर केला नाही. तिला वेड लागलं ते पोथीचं. तिच्या पोथीतली हरवलेली पानं बाबांच्या पोथीत असतील, ती उतरवून घेऊ, असं ती पावसाळाभर म्हणत राहिली. शेवटी पुढच्या मार्गशीर्षात भाताची मळणी उरकल्यावर मी तिला गाडीत घालून जामसरला नेलं. वर चढताना ती दर दहा पावलांवर थांबून दरीकडे पाहत होती आणि माहेरचे डोंगर ओळखत होती. इतकी आनंदात मी तिला फारदा पाहिलेली नाही.

विहिरीवर बायका पाणी ओढत होत्या, हसत होत्या. आमचं स्वागत छान झालं. बाबा मात्र बोलायला मागे मागे राहत होते. बायकोने आपली पोथी रुमालातून काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यांची पाहायला मागितली. ते म्हणाले, ती आता नाही, आषाढात नदीला सोडली. का, तिने विचारलं. खोटं शिकवणारं बुक घरात ठेवून काय करायचं, म्हणाले. ते रागावून बोलत नव्हते. ठरवून झालेली गोष्ट सांगावी तसं सांगत होते. बायकोला काही उमजेना. मला सगळं उमजलं.

पण तोंडपाठ आहे, ते पुढे म्हणाले. तिने आपली पानं उघडली आणि म्हणा म्हणाली. म्हणताना त्यांचा आवाज बदलला. शब्द आमच्यासारखे येत नव्हते, पण चाल पक्की होती आणि कुठेही अडखळणं नव्हतं. जिथे तिची पानं गेली होती तिथेही ते थांबले नाहीत. ती पानावर बोट फिरवत त्यांच्या मागून जात होती. पाड्यातली माणसं जमली, काही पोरीबाळी जवळ येऊन बसल्या. मग हरणाची गोष्ट आली. उन्हाचं वर्णन झालं, दूरचं पाणी झालं, आणि चाल मध्येच मोडली. बाबा म्हणाले, पिण्यास पाणी नाही असें हरिण. आणि पुढची ओवी उचलून चालू लागले.

बायकोचं बोट पानावर थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

माझं वाक्य होतं ते, माझ्या कचेरीचं. जन्मभर पाठ असलेल्या ओवीतला आपला शब्द काढून टाकून तिथे त्यांनी माझं वाक्य बसवलं होतं. ओवी मोडते हे त्यांच्या कानाला कळत नसेल असं मला वाटत नाही. तरी बसवलं होतं. मला तेव्हा जी शरम वाटली ती मी शब्दांत मांडू शकत नाही, आणि शब्दांचाच माझा धंदा.

मी त्यांना थांबवलं. उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. बाबांनी लिहिलं होतं ते बरोबर होतं. तो शब्द खरा आहे, पोथीत आहे, कोशात आहे. मला त्याचा अर्थ कळला नाही, मी भलता अर्थ लावला, त्यामुळे अर्ज नामंजूर झाला. मागच्या वेळी आलो तेव्हा मला हे माहीत होतं. हे शेवटचं वाक्य सगळ्यांत जड गेलं.

विहिरीवर रहाट नव्हता, दोरीला लावलेला पोहरा काठाला आपटला तेवढाच आवाज झाला.

"मंग तवाच का नाय सांगला?" बाबांनी विचारलं.

लाज वाटली म्हणून, हे खरं उत्तर होतं, पण ज्या माणसाने त्या लाजेपायी आपलं बुक नदीत सोडलं त्याला ते कसं सांगायचं. मी नुसता उभा राहिलो. त्यांनी वाट पाहिली, मग माझ्यावरची नजर काढून घेतली आणि बायकोकडे वळले.

"वाच बाय," ते म्हणाले. "बुकात हाय तसा वाच."

तिने मागचं पान घेतलं आणि ती ओवी पहिल्यापासून वाचली. तिने शब्द नीट तोडले. तो शब्द आला तेव्हा बाबा आपल्या लोकांकडे पाहत होते. एकेकाच्या तोंडाकडे, सावकाश, शेवटच्या माणसापर्यंत. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.